टेबलावरची चारशे अठ्ठावन्न

सकाळी ६.१५

नोव्हेंबरात ब्राउनश्वाइगला या वेळी मिट्ट काळोख असतो. सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि दुपारी सव्वाचारला मावळतो. उजेडाची कामं मधल्या वेळात उरकायची. ट्रॅमच्या थांब्यावरच्या घड्याळावर विसंबून मी घरून निघतो. जर्मनीतली रेडिओवर चालणारी घड्याळं ज्या संकेतावर जुळतात, तो फ्रँकफुर्टजवळच्या माइनफ्लिंगेनहून ७७.५ किलोहर्ट्झवर सुटतो. त्यातली वेळ मात्र ठरते याच शहराच्या पश्चिम अंगाला, पीटीबी या राष्ट्रीय मापनसंस्थेत. मी त्या संस्थेत कामाला नाही, मी एका बंदूककाराच्या वर्कशॉपमध्ये लेथवर असतो. पण आज टेबलावर जी रायफल येणार आहे, तिच्या बाबतीत याच संस्थेचा संबंध दुपारी पुन्हा येणार आहे.

माझं गाव राजापूर तालुक्यातलं. शिक्षण औरंगाबादच्या इंडो-जर्मन टूल रूममधलं. तिथे पहिल्या वर्षी हातात कानस दिली जाते आणि लोखंडाचा एक ठोकळा सगळ्या बाजूंनी काटकोनात आणेपर्यंत यंत्राला हात लावू दिला जात नाही. मला इथल्या माइस्टरनी, म्हणजे वर्कशॉपच्या मुख्य कारागिरांनी, कामावर घेतलं ते त्या कानशीमुळे. बंदुकीचं शिक्षण पुढे इथेच झालं.

सकाळी ७.००

वर्कशॉपच्या मागच्या खोलीतली तिजोरी माइस्टरच उघडतात. आकड्यांचं कुलूप आहे, चावी नाही. २०२३ मध्ये म्युन्स्टरच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने म्हटलं की तिजोरीची चावीही तिजोरीइतक्याच मजबूत पेटीत असली पाहिजे. तेव्हापासून आमच्याकडे येणारे शिकारीही आकड्यांच्या कुलपाबद्दल विचारू लागले.

रायफल टेबलावर आली. .४५८ विंचेस्टर मॅग्नम, माउझर ९८ धाटणीची बेल्जियन अॅक्शन (म्हणजे नळीमागची यंत्रणा), अक्रोडाचा दस्ता, वजन चार किलोच्या थोडं वर. मालक ऐंशीच्या पुढचे होते, सप्टेंबरात गेले. नोकरी ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात झाली. सत्तरच्या दशकात एकदा केनियाला गेले होते, रानरेड्याच्या शिकारीला, आणि त्यासाठीच ही रायफल बनवून घेतली होती. १९७७ मध्ये केनियाने शिकारीवर बंदी घातली. पुन्हा जाणं झालं नाही. तेव्हापासून ही कपाटात उभी.

त्यांच्या पत्नी, म्हणजे आजी (मी मनातल्या मनात त्यांना आजीच म्हणतो), रायफल स्वतः घेऊन येऊ शकत नव्हत्या. परवाना नवऱ्याच्या नावावर होता. इथे माणूस गेला की बंदूक ज्याच्या ताब्यात येते, त्याने ताबडतोब शस्त्र कार्यालयाला कळवायचं असतं आणि वारसाने वारसा स्वीकारल्यापासून एका महिन्यात स्वतःच्या नावाच्या शस्त्रपत्रासाठी अर्ज करायचा असतो. आजींनी कळवलं, मग माइस्टर आपल्या व्यवसाय-परवान्यावर जाऊन रायफल आणि काडतुसांचा खोका घेऊन आले. महिना संपत आलाय. म्हणून आजचा दिवस.

प्रश्न तीन तोंडांनी आला आहे. आजींना रायफल ठेवायची आहे. हॅम्बुर्गला राहणाऱ्या मुलाला ती विकायची आहे. सतरा वर्षांची नात सध्या शिकारीच्या परीक्षेचा अभ्यास करते आहे आणि तिला ती बदलून हवी आहे: हीच अॅक्शन, पण हार्त्स पर्वतातल्या सांबरासारख्या मोठ्या लाल हरणांसाठी बेताच्या कॅलिबरची नवी नळी. तिघं तीन वाजता येणार. तोवर आम्हाला त्यांच्यापुढे ठेवण्याजोगं काहीतरी हातात हवं.

सकाळी ७.३०

पहिलं काम, शिक्के वाचणं. नळीवर आणि अॅक्शनवर गरुड, त्याखाली एन हे अक्षर, म्हणजे धूरविरहित दारूची चाचणी झालेली. बाजूला उसळता घोडा, म्हणजे चाचणी हॅनोव्हरच्या सरकारी चाचणीगृहात. मग दोन अक्षरं: एच आणि ई. जर्मन शिक्क्यांत वर्षाचे आकडे अक्षरांनी लिहायची पद्धत आहे, ए म्हणजे शून्य, बी म्हणजे एक, असं मोजत गेलं की एच म्हणजे सात आणि ई म्हणजे चार. १९७४. नळी, अॅक्शन आणि बोल्ट तिन्हींवर एकच क्रमांक. म्हणजे रायफल जशी बनली तशीच आहे, मध्ये कुणी भाग बदललेले नाहीत. ही पहिली चांगली बातमी.

मग बोल्ट बाहेर. .४५८च्या काडतुसाच्या बुडाजवळ एक उंच पट्टा असतो. काडतूस नळीत किती आत बसायचं हे त्या पट्ट्याच्या पुढच्या कडेवर ठरतं. बोल्ट बंद केल्यावर बोल्टचा चेहरा आणि ती कड टेकण्याची जागा यांतलं अंतर म्हणजे हेडस्पेस. ते जास्त झालं की काडतुसाचं पितळ मागे ताणलं जातं आणि एखादे दिवशी फाटतं. त्यासाठी पोलादाचे दोन गेज असतात. पहिल्यावर बोल्ट बंद झालाच पाहिजे, दुसऱ्यावर बंद होता कामा नये. एक्स्ट्रॅक्टर काढून ठेवला, बोल्ट दोन बोटांनी फिरवला. जोर लावायचा नाही, जोर लावला तर माप खोटं येतं. पहिल्यावर बंद झाला. दुसऱ्यावर अर्ध्यातच अडला. पन्नास वर्षांत बोल्ट अडकवून धरणारे लग मागे सरकलेले नाहीत.

नळीत दिवा घालून पाहिलं. खाचा धारदार आहेत, तोंडाजवळ गंजाचे चार-दोन ठिपके, बाकी आरसा. फार झाडलेली नाही. एकंदर किती गोळ्या उडाल्या असतील ते खोक्यावरूनच कळत होतं, वीसपैकी निम्म्याहून अधिक काडतुसं त्यात अजून होती.

मग दस्त्यापासून धातू वेगळा केला, आणि दुखणं सापडलं.

अॅक्शनच्या खाली धक्का झेलणारा एक ठोकळा असतो, रिकॉइल लग. तो लाकडात एका खोबणीत बसतो आणि बार उडाला की सगळा धक्का त्या खोबणीच्या मागच्या भिंतीवर येतो. .४५८ची गोळी बत्तीस ग्रॅमच्या वरची, सेकंदाला साधारण ६५० मीटर वेगाने जाणारी. तोंडाशी ऊर्जा ६८०० ज्यूलच्या आसपास. इतक्या धक्क्याच्या रायफलीला लाकडातून आडवा पोलादी बोल्ट घालतात आणि बहुधा नळीवर दुसरा लगही बसवतात. या रायफलीत आडवा बोल्ट एकच होता आणि दुसरा लग नव्हता. खोबणीपासून मॅगझिनच्या खिडकीपर्यंत लाकडात केसाएवढी चीर गेलेली. मागे, बोल्टच्या शेपटीजवळ, अशीच दुसरी. शिवाय पन्नास वर्षं उभी ठेवल्यामुळे धातूवरचं तेल खाली झिरपून लाकूड तिथे काळं आणि मऊ पडलेलं.

बंदूक तोंड वर करून कपाटात उभी ठेवायची आणि वर्षाला एकदा भरपूर तेल पाजायचं, यालाच लोक निगा समजतात. तेलाने धातू वाचतो, लाकूड मरतं. हे मी गावीही पाहिलंय, इथेही पाहतोय. तेल दोन थेंब पुरे. ते फडक्याला लावायचं आणि बंदूक नळी खाली करून ठेवायची.

थोडक्यात, नळी, अॅक्शन आणि बोल्ट नव्यासारखे, दस्ता फुटलेला. ही रायफल अशा स्थितीत झाडायची नाही. नाहीतर आज शहराबाहेरच्या रेंजवर नेऊन पाच गोळ्या कागदावर मारून पाहिल्या असत्या.

सकाळी ९.३०

इथे साडेनऊला दुसरी न्याहारी असते. पाव, चीज, कॉफी. माइस्टर कमी बोलतात, पण न्याहारीला बोलतात. मी मापं वाचून दाखवली.

“मुलीला नळी बदलून हवी आहे,” ते म्हणाले. “काय बसेल ते तूच सांग.”

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. रायफल बदलायची म्हणजे फक्त नळी बदलायची, असं बहुतेकांना वाटतं. पण बोल्टच्या चेहऱ्याचा खळगा काडतुसाच्या बुडाच्या मापाचा असतो. इथल्या जंगलाला सगळ्यात चांगलं जुनं काडतूस म्हणजे ९.३ × ६२. बर्लिनच्या ओटो बोक या बंदूककाराने ते १९०५ मध्ये आणलं, ते नेहमीच्या माउझर अॅक्शनमध्ये मावावं म्हणूनच. त्याच्या बुडाचा व्यास बारा मिलिमीटरच्या आसपास. .४५८च्या बुडाचा साडेतेरा. १९७४ मध्ये ज्याने ही रायफल बांधली त्याने बोल्टचा चेहरा साडेतेरासाठी कापून मोठा केला, एक्स्ट्रॅक्टर घासून बसवला, मॅगझिनचे ओठही रुंद केले. कापलेलं पोलाद परत येत नाही. ९.३ × ६२ करायचं म्हणजे नवा बोल्ट, नवी नळी आणि मॅगझिनचंही काम. त्यापेक्षा नवी रायफल घ्यावी.

साडेतेराच्या बुडाची जी काडतुसं आहेत ती चालतील: .३३८ विंचेस्टर मॅग्नम, .३०० विंचेस्टर मॅग्नम. दोन्ही .४५८चीच भावंडं, १९५८ आणि १९६३ची. .३३८ तर लांबीलाही या मॅगझिनमध्ये बरोबर बसेल. यंत्राच्या दृष्टीने बदल शक्य आहे.

माइस्टरनी कागदावर आकडा मांडला. नवी नळी, चेंबर कापणं, दस्त्याची नळीची वाट पुन्हा बसवणं, निळं पॉलिश, दुर्बिणीचे माउंट. नळी बदलली की रायफल पुन्हा हॅनोव्हरला चाचणीला जाणार. तिथे नेहमीच्या कमाल दाबापेक्षा किमान २५ टक्के जास्त दाबाची काडतुसं झाडून पाहतात, मग नवे शिक्के, मग कागदपत्रात नवी नोंद. सगळं मिळून अडीच हजार युरोंच्या खाली येत नाही. आणि दस्ता दुरुस्त करणं वेगळंच.

“आणि एवढं करून,” माइस्टर म्हणाले, “तिच्या हातात येईल ती दुकानात मिळते तशीच एक रायफल. ही मात्र गेली.”

मला त्यांचं म्हणणं पटतं, पण कारण माझं वेगळं आहे. एका चांगल्या कारागिराने पन्नास वर्षांपूर्वी बसवलेली नळी मी लेथवर पकडून, पान्याने सोडवून बाजूला टाकतो, तेव्हा मला ते काम नकोसं होतं. गंजून गेली असेल, खाचा झिजल्या असतील, तर काही म्हणणं नाही. ही नळी अजून शंभर वर्षं काम देईल.

सकाळी ११.००

विकण्याची बाजू पाहायला माइस्टरनी दोन ओळखीच्या विक्रेत्यांना फोन लावले. उत्तर दोघांचं एकच. मोठ्या कॅलिबरला जर्मनीत गिऱ्हाईक मोजकं. इथल्या कायद्याने हरणं-डुकरं अशा मोठ्या प्राण्यांसाठी किमान ६.५ मिलिमीटर कॅलिबर आणि १०० मीटरवर २००० ज्यूल ऊर्जा पुरते. ६८०० ज्यूलची रायफल घेऊन एल्म टेकड्यांवरच्या बीच झाडांच्या जंगलात डुकरावर बसायला मनाई नाही, पण कुणी बसत नाही. रेंजही पुष्कळ ठिकाणी ७००० ज्यूलपर्यंतच मंजूर असतात, त्यामुळे सराव करायलासुद्धा .४५८ अगदी काठावर. आफ्रिकेत जाणारे आता तिथेच भाड्याने रायफल घेतात. दस्त्याला चीर असल्याचं सांगितल्यावर एका विक्रेत्याने तीनशे युरो म्हटलं, दुसऱ्याने “फोटो पाठवा” म्हटलं.

विकण्यातली कायद्याची अडचण मात्र थोडी. घेणाऱ्याकडे शिकारीचा वैध परवाना असला की तो लांब नळीची बंदूक घेऊ शकतो, दोन आठवड्यांत आपल्या शस्त्रपत्रावर नोंदवायची. प्रत्येक बंदूक राष्ट्रीय शस्त्र नोंदवहीत आहे, विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची नोंद दोन्हीकडून जुळावी लागते.

या कॅलिबरचा इतिहास निम्मा हिंदुस्थानातला आहे, हे इथल्या लोकांना सांगितलं की नवल वाटतं. एकोणिसाव्या शतकाअखेरीस ब्रिटिश शिकाऱ्यांची जाडजूड रायफल म्हणजे .४५०. लष्कराच्या मार्टिनी-हेन्रीची गोळीही तेवढ्याच बोअरची. वायव्य सरहद्दीवर हाती लागलेल्या लष्करी रायफली आणि शिकारीची काडतुसं यांची गाठ पडू नये, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये .४५० बोअर आणायला बंदी घातली. बंदी आल्यावर बंदूककारांनी बोअर थोडं वाढवलं: .४६५, .४७०, .४७५. संस्थानिकांच्या शस्त्रागारांत आणि वाघाच्या शिकारीच्या जुन्या फोटोंत हातावर आडव्या घेतलेल्या जोडनळ्या दिसतात, त्यांत ही कॅलिबरं पुष्कळ. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश कारखाने ही काडतुसं हळूहळू बंद करत गेले. ती जागा भरायला अमेरिकेत विंचेस्टरने १९५६ मध्ये .४५८ आणलं: तेवढीच ताकद, पण साध्या लांबीच्या अॅक्शनमध्ये मावणारी. म्हणून ते इतकं पसरलं, म्हणून ब्राउनश्वाइगच्या एका पगारदार माणसालाही १९७४ मध्ये आफ्रिकेची रायफल परवडली. जोडनळी त्याला कधीच परवडली नसती.

दुपारी १.००

जेवायला बुर्गप्लाट्सपर्यंत चालत गेलो. चौकात सिंह आहे, हाइनरिश देर ल्योवं या ड्यूकने ११६६च्या सुमारास ओतवून घेतलेला. चबुतऱ्यावरची प्रतिकृती, मूळ ब्राँझ शेजारच्या डांकवार्डेरोडं किल्ल्यात. याच सिंहावरून इथल्या ब्युसिंग ट्रक कंपनीने आपलं चिन्ह घेतलं, पुढे ती मान कंपनीत गेली आणि तो सिंह आज जगभरच्या मान ट्रकांच्या नाकावर बसलेला असतो. रायफलीच्या पिस्तुली मुठीखाली पोलादाची छोटी टोपी आहे, तिच्यावर हाच सिंह कोरलाय. सकाळी स्वच्छ केल्यावर तो दिसला.

भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेपाच. गावी चुलतभावाला फोन केला. आमच्या आजोबांची एकनळी बारा बोअर, पीक संरक्षणाच्या परवान्यावरची. डुकरं आणि माकडं यांनी भात-नाचणी ठेवली नसती, म्हणून कोकणात घरोघर अशा बंदुका आल्या. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची. काका गेल्यावर ती तालुक्याच्या विक्रेत्याकडे जमा आहे.

“दादा, विकून टाकतो ती. दुकानदार म्हणतो, फुकट गेली तरी चालेल म्हणा,” भाऊ म्हणाला.

“दस्ता पाहिलास?”

“दस्ता काय पाहायचा? भाताची राखण आता कुणी करत नाही.”

“पुढच्या महिन्यात मी येतो. तोवर सही करू नकोस.”

“बरं. पण ये नक्की. दुकानदाराचं भाडं चालू आहे.”

त्याचं चुकत नाही. वाट बघण्यालाही पैसे पडतात, हे आजींच्या मुलाचंही म्हणणं असणार.

दुपारी २.००

दस्त्याला आता हात लावायचा नाही, पण दुरुस्ती होईल की नाही ते तपासलं. काळ्या लाकडावर खडूची बारीक पूड द्रावकात कालवून थापली. वाळताना ती तेल वर ओढते आणि पिवळी पडते. पहिल्याच थराला चांगलीच पिवळी झाली, म्हणजे लाकूड कुजलेलं नाही, नुसतं तेल प्यायलंय. चिरेत पातळ पाती घालून पाहिली, ती आरपार जात नाही. तेल निघेपर्यंत असे थर देत राहायचं, चिरेत एपॉक्सी ओढून घ्यायचं, आत दिसणार नाही असा दुसरा आडवा बोल्ट घालायचा, लगच्या मागे नवी पक्की बैठक ओतायची. नळीला धक्का नाही, शिक्क्यांना धक्का नाही. माइस्टरनी सहाशे युरो लिहिले.

चौथा रस्ता सापडला तो असा. ठेवा, विका, बदला यांच्या आधी एक येतं: दुखणं बरं करा.

दुपारी ३.००

तिघं आले. आजी टेबलाजवळच्या खुर्चीवर बसल्या, मुलगा उभाच राहिला. नातीने आधी विचारलं आणि मगच बोल्टला हात लावला. तिला शिकवणारा माणूस चांगला आहे.

माइस्टरनी मापं सांगितली, मग पैसे. मुलाने ऐकून घेतलं आणि रास्त प्रश्न विचारला. “आईला परवाना नाही. तिने ही घरात ठेवायची कशी?”

इथे पीटीबी येते. २००८ पासून जर्मन कायदा असा आहे की ज्या वारसाला बंदुकीची गरज सिद्ध करता येत नाही, म्हणजे जो शिकारी नाही, नेमबाज नाही, त्यालाही वारशाची बंदूक ठेवता येते. पण तिच्या नळीत ब्लॉक बसवावा लागतो. आत बसणारं एक कुलूप, खास शिकलेल्या परवानाधारक बंदूककारानेच बसवायचं आणि त्यानेच काढायचं. हे ब्लॉक तपासून मंजूर करण्याचं काम कायद्याने ज्या संस्थेवर सोपवलंय ती हीच, शहराच्या पश्चिमेची. एखाद्या बंदुकीसाठी मंजूर ब्लॉक उपलब्ध नसेल, तर तो येईपर्यंत शस्त्र कार्यालय सूट देऊ शकतं. काडतुसं मात्र अशा वारसाला ठेवता येत नाहीत. खोका आमच्याकडेच राहील.

“ब्लॉकसाठी नळी कापतात का?” आजींनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “काढला की नळी होती तशी.”

नातीचा चेहरा पडला होता. तिला मी बोल्ट दाखवला, चेहऱ्याचा खळगा दाखवला, शेजारी दुसऱ्या एका माउझरचा बारा मिलिमीटरचा बोल्ट ठेवला. “हा असा होता. याचा असा केला. परत असा करता येत नाही. तू आत्ता नळी बदलायला सांगितलीस तर आम्ही बदलू, चांगली बदलू. पण पंचविसाव्या वर्षी तुला आजोबांची रायफल हवीशी वाटली, तर ती आम्हाला परत आणता येणार नाही.”

“मग मी कशाने शिकार करू?”

“साध्या .३०८ने. किंवा ९.३ × ६२ने, कुणीतरी नीट वापरलेल्या. आजींची परवानगी असेल तर तशी एक शोधून देतो. .३३८चा धक्का पहिल्या रायफलीला नको. धक्क्याची धास्ती बसली की चाप ओढताना डोळे मिटतात आणि ती सवय वर्षानुवर्षं जात नाही.”

ती अठरा वर्षांची झाली आणि परवाना मिळाला, की आजी कायदेशीरपणे रायफल तिच्या नावावर करू शकतात. तेव्हा ब्लॉक काढायचा. तेव्हा ती म्हणाली, विका, तर दुरुस्त दस्त्याची रायफल तीनशेला जाणार नाही. म्हणाली, बदला, तर .३३८ची नळी तेव्हाही मिळेल. आज काही बंद होत नाही.

मुलाने पुन्हा पैशाचं काढलं. सहाशे दुरुस्तीचे, ब्लॉकचे वेगळे, शिवाय आईच्या घरी नियमाप्रमाणे तिजोरी हवी. “एका न वापरायच्या वस्तूसाठी?”

आजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. टोपीवरच्या सिंहावर बोट ठेवलं. “हे त्यानं स्वतः कोरलंय,” त्या म्हणाल्या. “कारखान्यातल्या मित्राकडून कोरणी मागून आणली होती. स्वयंपाकघरात बसून.”

मुलाला हे माहीत नव्हतं. तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, दुरुस्तीचे पैसे मी देतो.

माझं मत मी तिथे मांडलं तेच इथे मांडतो. घरात मृत्यू होऊन दोन-तीन महिनेच झाले असताना जे करून परत फिरता येत नाही ते करू नये. विकणं परत फिरत नाही, नळी बदलणं तर नाहीच. ब्लॉक आणि दुरुस्ती या दोन गोष्टींतून मागेही जाता येतं आणि पुढेही. ज्या घराला खरोखर पैशाची निकड आहे, किंवा जिथे बंदूक सांभाळणारं कुणी नाही, तिथे विकणंच बरं, आणि तेही आम्ही स्पष्ट सांगतो. जिथे घरातल्या कुणाचा स्वभाव तापट आहे, मन थाऱ्यावर नाही, तिथे तर ती त्याच दिवशी घराबाहेर काढावी, कितीही जुनी असो. या घरात यातलं काही नव्हतं.

संध्याकाळी ५.००

बाहेर अंधार पडून पाऊण तास झाला होता. माइस्टर नोंदवहीत दुरुस्तीची नोंद करत होते आणि मी अर्जाला जोडायचं टिपण लिहीत होतो: क्रमांक, कॅलिबर, शिक्के, स्थिती. आजींच्या अर्जात दोन्ही लिहिलं, या रायफलीला मंजूर ब्लॉक असेल तर बसवण्याची तयारी, नसेल तर तोपर्यंत सूट मिळावी ही विनंती. त्यांनी सही केली. उद्या सकाळी अर्ज शहराच्या शस्त्र कार्यालयात जाईल, मुदतीच्या आत.

नात जाता जाता खडूचा दुसरा थर थापायला थांबली. दस्ता तिच्यासमोरच सुकत ठेवला. पुढच्या शनिवारी ती पुन्हा येणार आहे, तेल काढायचं काम तिनेच करायचं असं ठरलं. नळी, अॅक्शन, बोल्ट पुसून, दोन थेंब तेलाचं फडकं फिरवून, तिजोरीत आडवे ठेवले. माइस्टरनी आकडे फिरवले.

आता महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी. तुमच्या घरी आजोबांची, काकांची अशी एखादी बंदूक असेल आणि परवानाधारक आता नसेल, तर ती नुसती माळ्यावर ठेवणंही गुन्हा ठरू शकतं. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या २१व्या कलमाप्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. वारसाच्या परवान्याची तरतूद २०१६च्या शस्त्र नियमांत आहे, अर्ज करा. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुकांची मुभा राहिली आहे, तेव्हा घरात आधीच दोन असतील तर कुणाच्या नावावर कोणती, हे बसून ठरवा. आणि विक्रेता भाव सांगेल तेव्हा लगेच सही करू नका. बंदूक त्याच्याच दुकानात, त्याच्याच समोर, एखाद्या परवानाधारक बंदूककाराला उघडून दाखवा, नळीत दिवा घालून पाहायला सांगा, दस्ता धातूपासून वेगळा करून पाहायला सांगा. मग ठरवा.